पारख कानाची, किंमत खोक्याची

सोन्याची पारख कसोटीवर, कापडाची चिमटीत आणि धान्याची मुठीत होते, हे व्यापारी घरातील मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही. मात्र तेच घर पंचवीस-तीस हजार रुपयांचा वायरलेस हेडफोन घेताना खोक्यावरील छापील दाव्यांवर विसंबते. मुलगा वडिलांच्या वाढदिवसासाठी सर्वांत महाग नग निवडतो. वडील तो दोन दिवस कौतुकाने लावतात आणि तिसऱ्या दिवशी कपाटात ठेवतात. वस्तू खोटी नसते. पारख झालेली नसते.

किंमत म्हणजे गुण, हे गृहीत येथे फारसे टिकत नाही. जेरोन ब्रीबार्ट यांनी २०१७ साली २८३ हेडफोनांचे मोजमाप प्रसिद्ध केले. खर्जापासून तारस्वरापर्यंतचा समतोल आणि विक्रीची किंमत यांचा परस्परसंबंध त्यात आढळला नाही. महाग वस्तू वाईट असते, असा याचा अर्थ नव्हे. अधिकची रक्कम बहुधा आवाजासाठी नव्हे, तर कोलाहल-निवारण, साहित्य, घडण आणि नाव यांसाठी मोजली जाते, हे ग्राहकाने ध्यानात ठेवावे.

यांपैकी कोलाहल-निवारणाची सोय खरोखर मोलाची आहे. बंगालमधून अमेरिकेत गेलेल्या स्वातंत्र्यसैनिकाचे पुत्र अमर बोस यांना १९७८ साली झुरिकहून बोस्टनला जाताना विमानाच्या घरघरीत संगीत नीट ऐकू येईना. त्या प्रवासातच त्यांनी या तंत्राची आकडेमोड आरंभली. हेडफोनमधील सूक्ष्म मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो, आतील यंत्रणा त्याच्या नेमकी उलट लहर निर्माण करते आणि दोन्ही लहरी एकमेकींना बऱ्याच अंशी निष्प्रभ करतात. विमान, रेल्वेचा डबा, वातानुकूलन यंत्र यांची एकसुरी घरघर त्यामुळे पुष्कळ ओसरते. माणसांचे बोलणे वा भांड्यांचा खणखणाट मात्र तितका थांबत नाही. पेढीवरील गिऱ्हाइकांचा गलबला नाहीसा होईल या आशेने खरेदी करणाऱ्याची निराशा ठरलेली आहे.

आवाजाची परीक्षा परिचित ध्वनिमुद्रणावरच करावी. दुकानातील नमुना-गीत वस्तूची उजवी बाजू दाखवण्यासाठीच निवडलेले असते. वर्षानुवर्षे ऐकलेली एखादी ख्यालाची बंदिश लावावी. तानपुऱ्याची जवारी गायकाच्या स्वरामागे स्वतंत्रपणे ऐकू येते का? डग्ग्याचा घुमारा भरीव आहे, की तो शब्दांवर पसरतो? गाण्यातील ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात का? या तीन प्रश्नांत बरेच काही उलगडते. दोन हेडफोनांची तुलना करताना दोहोंचा आवाज सारख्याच पातळीवर आणावा. किंचित मोठा वाजणारा नग कानाला नेहमीच सरस भासतो, आणि अनेकदा निर्णय तेथेच चुकतो.

एलडॅकसारख्या तंत्राचा गवगवाही तपासून घ्यावा. त्यातून सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत माहिती जाते हे खरे. परंतु फोन आणि हेडफोन या दोहोंत ती सोय असावी लागते. आयफोनमध्ये ती नाही. घरात आयफोन असेल, तर त्या वैशिष्ट्यासाठी अधिक पैसे मोजण्यात हशील नाही.

आवाजाइतकेच महत्त्व आरामाला आहे, कारण टोचणारी वस्तू कितीही गोड वाजली तरी वापरली जात नाही. सोनी डब्ल्यूएच-१०००एक्सएम५चे वजन सुमारे २५० ग्रॅम, सेनहायझर मोमेंटम ४चे २९३, तर अ‍ॅपल एअरपॉड्स मॅक्सचे ३८५ ग्रॅमच्या आसपास आहे. केवळ वजनावरून मात्र निर्णय होत नाही. पट्टी तो भार डोक्यावर कसा विभागते आणि गाद्या कानशिलावर किती आवळतात, हे पाहावे लागते. चष्मा असलेल्याने तो लावूनच परीक्षा घ्यावी. चष्म्याच्या काडीमुळे गादीखाली फट राहते. खर्ज पातळ होतो आणि बाहेरचा आवाजही आत शिरतो. पाच मिनिटांत सारेच नग सुखद वाटतात. दोष अर्ध्या तासाने कळतो. दमट हवेत कानाभोवती किती घाम येतो, तेही तेवढ्याच वेळात उमगते.

गाद्या कशाच्या आहेत, हेही विचारावे. सोनीच्या उपरोक्त नगात कृत्रिम चामडे आहे, अ‍ॅपलच्या गाद्या विणलेल्या कापडाच्या आहेत. बँग अँड ओलुफसेनच्या बिओप्ले एच९५ला मात्र मेंढीचे कातडे वापरले आहे. ज्या घरात चामडे वर्ज्य आहे, तेथे हा प्रश्न पैसे देण्यापूर्वीचा आहे.

शेवटी प्रश्न कानांचाच उरतो. प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. ९० डेसिबलला ती अवघ्या ४ तासांवर येते. अंतर्कर्णातील सूक्ष्म केसपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. कोलाहल-निवारणाचा खरा लाभ येथे आहे: गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज चढवावा लागत नाही.

वयाबरोबर तारस्वर ऐकण्याची शक्ती मंदावते. विशीतील मुलाला कर्कश वाटणारा नग साठीतील वडिलांना स्पष्ट वाटू शकतो. मुलाला संतुलित वाटणारा त्यांना मंद भासू शकतो. एकाच्या कानाने दुसऱ्यासाठी निवड करू नये. मुलाने भेटीचे गुपित बाजूला ठेवून वडिलांना दुकानात न्यावे, त्यांचा चष्मा आणि त्यांची आवडती बंदिश बरोबर असू द्यावी, अर्धा तास शांतपणे बसू द्यावे. त्यानंतर पक्के बिल घ्यावे. परतीची मुदत आणि बॅटरी व गाद्या बदलून मिळण्याची सोय विचारून घ्यावी. प्रत्येक यंत्राला घसारा असतोच, आणि येथे तो प्रथम याच दोन ठिकाणी दिसतो.