कोपीत जन्मलेल्या लेकराची नोंद कोण करणार?



ज्वारी पेरून झाली, कापसाच्या एक-दोन वेचण्या झाल्या की बीडकडच्या कोरडवाहू गावांतून जोडपी ऊसतोडीला निघतात. म्हातारी माणसे राखणीला मागे राहतात. यातली बरीच जोडपी कोल्हापूर जिल्ह्यात, पेठ वडगावच्या परिसरातल्या फडांवरही येतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. त्यावरच मुकादमाची उचल. बाईला सातवा महिना असला तरी कोयता मोडत नाही. हंगाम पाच-सहा महिन्यांचा. काही बाळंतपणे फडावर येणारच, हे सांगायला ज्योतिषी नको.

१९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा म्हणतो, मूल जिथे जन्मले तिथेच नोंद. वडगावच्या हद्दीत जन्मले तर नगरपरिषदेत, शेजारच्या खेड्यात जन्मले तर तिथल्या ग्रामपंचायतीत. दवाखान्यात बाळंतपण झाले तर खबर देण्याचे काम दवाखान्याचे. कोपीत झाले तर कुटुंबप्रमुखाचे. मुदत २१ दिवस. पुढे ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षापर्यंत वरिष्ठांची लेखी परवानगी, आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा आदेश.

आता हिशेब करा. ग्रामपंचायतीत जायचे म्हणजे एक खाडा. २१ दिवसांत टोळी दुसऱ्या गावच्या फडावर गेलेली असते. पट्टा पडल्यावर माणसे घरी परततात, तर तिथला ग्रामसेवक म्हणतो, जन्म इथला नाही, तिकडे जा. तिकडे म्हणजे तीनशे किलोमीटरांहून लांब!

पूर्वी भागत असे. शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून लिहीत आणि तोच जन्मदिवस ठरे. ते दिवस गेले. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, आधार, मतदारयादी, सरकारी नोकरी या साऱ्यांसाठी जन्मदाखला हाच पुरावा आहे. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाचा २,००० रुपयांचा दुसरा हप्ता जन्मनोंद आणि पहिल्या लसी झाल्याशिवाय निघत नाही. २०२५ पासून महाराष्ट्रात वर्षापलीकडच्या नोंदींची छाननीही कडक झाली आहे.

चहाच्या मळ्यात मूल जन्मले तर खबर देण्याची जबाबदारी याच कायद्याने मळ्याच्या व्यवस्थापकावर टाकली आहे. कॉफी, रबर, वेलदोडा यांनाही तोच नियम. आणखी पिके जोडण्याची मुभा राज्य सरकारला आहे. पण अट किमान चार हेक्टरांची, आणि इथला ऊस बहुतेक गुंठ्यांत मोजला जातो. कारखान्याकडे मात्र प्रत्येक टोळीची नोंद असते, प्रत्येक खेपेचा काटा होतो, पावती फाटते. उसाचा किलो-किलो कळतो, त्याला टोळीतली गरोदर बाई कळू नये?

आमच्या मागण्या सरळ आहेत. हंगाम सुरू होताच कारखान्याच्या शेतकी खात्याने टोळ्यांतल्या गरोदर बायांची यादी प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावी; आशाताई आणि परिचारिकेने फडावर जाऊन तपासणी करावी. जन्माची खबर निबंधकाकडे पोचवण्याचे काम कायद्याने कारखान्यावर टाकावे आणि टोळी हलण्याआधी दाखला आईच्या हातात पडावा. बाळंतपणाचा व नोंदीचा खाडा कापू नये.

सरकारची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. निघताना माता-बाल संरक्षण कार्ड गाठीला बांधा. बाळाचे नाव ठरले नाही म्हणून नोंद थांबवू नका. नाव मागून घालता येते. वडगावकडच्या बागायतदार भावांना सांगणे, तुमच्या रानात ऊस तुटताना कोणी अडली तर १०८ ला फोन करा, आणि कोपीत पाळणा हलला तर ग्रामसेवकाला त्याच दिवशी कळवा.

सात-बारावर नाव नसले की कसलेली जमीनही आपली राहत नाही, हे आपण पिढ्यान् पिढ्या भोगले. लेकरांची तीच गत होऊ द्यायची नाही. पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने ऊसतोडीला जाणाऱ्या गरोदर बायांचा आकडा आणि कारखान्याचे नाव घेऊन यावे.