ऊन उतरल्यावरचे दोन दिवस

ऊन लागलेल्या माणसाला सावलीत आणलं, तोंडावर पाणी मारलं, त्यानं डोळे उघडून ‘आता बरं वाटतंय’ म्हटलं की भोवतालचे सगळे हुश्श करतात. लगेच पुढची गाडी पकडायची घाई सुरू होते. माझं भांडण या घाईशी आहे.

भिवंडी तालुक्यात चैत्र अमावास्येला वज्रेश्वरीची यात्रा भरते, म्हणजे ऐन एप्रिल-मेमध्ये. वाडा रस्त्यानं अंबाडीपर्यंत जायचं आणि तिथून आत वळायचं. कंटेनरांच्या रांगेत एसटी अडकली की वारा थांबतो आणि टपाचा पत्रा डोक्यावर तापत राहतो. उतरल्यावर रांग, मग बावन्न दगडी पायऱ्या. चिमाजी अप्पांनी वसई जिंकण्यासाठी देवीला नवस केला आणि १७३९ साली ती जिंकली; त्या नवसातून उभं राहिलेलं हे देऊळ. दर्शन झालं की अकलोलीच्या किंवा गणेशपुरीच्या गरम कुंडात आंघोळ करायची, ही जुनी वहिवाट. पौषात ते पाणी सुखाचं असतं. वैशाखाच्या तोंडावर, अंगातली उष्णता बाहेर पडायला घामाशिवाय दुसरा मार्ग नसतो, तेव्हा गरम पाण्यात बसलं की तोही बंद होतो.

अशाच एका यात्रेत माझ्या मामी पायऱ्या उतरून आल्या आणि मटकन खाली बसल्या. अंग घामानं चिंब, चेहरा पांढराफटक, पोटऱ्यांत गोळे, मळमळ. बोलणं मात्र ठिकाणावर होतं, त्यामुळे मला धीर आला. एका दुकानाच्या पडवीत त्यांना आडवं केलं, पाय पिशव्यांवर उंच ठेवले, साडी सैल केली, मानेवर आणि काखेत ओला पंचा ठेवला, वर्तमानपत्रानं वारा घातला. ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यात कालवून घोट घोट पाजलं. अर्ध्या-पाऊण तासानं त्या उठून बसल्या आणि म्हणाल्या, “चल, आता कुंडावर जाऊन येऊ. एवढ्या लांबून आलोय.”

“मामी, आज कुंड नाही,” मी म्हटलं. त्या रुसल्या. रुसू दिलं.

कारण बरं वाटणं वेगळं आणि बरं होणं वेगळं. ऊन लागतं तेव्हा शरीर रक्त कातडीकडे वळवतं, घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जातं, हृदयाला जास्त धावावं लागतं, रक्तदाब उतरतो. आडवं झाल्यावर चक्कर थांबते, पण गेलेलं पाणी आणि मीठ तासाभरात भरून निघत नाही. नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा चमचा, चमचे चहाचे. ताक, पेज, कैरीचं पन्हंही चालेल. त्यानंतर किमान एक-दोन दिवस ऊन नाही, चढण नाही, धावपळ नाही. पुढचे काही दिवस तेच शरीर थोड्या उन्हानंही पुन्हा ढासळू शकतं. लघवी फिकट होईपर्यंत पाणी कमीच आहे असं समजावं. रक्तदाबाची, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निवांत होऊ नये.

माणूस असंबद्ध बोलू लागला, शुद्ध हरपली, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात. मग तोंडात पाणी ओतायचं नाही. अंगावर गार पाणी मारत राहायचं आणि १०८ ला फोन करायचा.

खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण सोहळ्यासाठी लांबलांबून प्रवास करून आलेली माणसं उघड्या मैदानात बसली होती. उष्माघातानं चौदा जण गेले. पारा ३८ अंशांच्या आसपास होता; विदर्भातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण कोकणपट्टीत हवेतच ओल असते, घाम वाळत नाही आणि अंग निवत नाही. म्हणूनच हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात ४० अंशांपासून करतं, किनाऱ्यावर ३७ पासूनच. खाडीकाठची भिवंडी याच ओल्या उन्हातली. थंड गावाहून आलेल्या पाहुण्याचं शरीर इथे रुळायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि आपण त्याला पहिल्याच दुपारी बाहेर काढतो.

मामींना भाच्यानं बळजबरीनं घरी आणलं, दोन दिवस झोपवलं. पण भिवंडीच्या यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्या कामगाराला कोण झोपवणार? पत्र्याखाली उभं राहायचं, मजुरी मीटरवर. खाडा केला तर पैसे नाहीत आणि भिस्सीचं, म्हणजे कामगारांच्या खाणावळीचं, बिल मात्र चालूच. कारखान्यात चक्कर आली तर तो तोंड धुतो आणि पुन्हा मागाशी उभा राहतो. कारखानदारांनी निदान एप्रिल-मेपुरतं ठरवावं: ज्याला ऊन लागलं, त्याला दोन दिवसांची भरपगारी रजा. आणि वज्रेश्वरीच्या यात्रेत पायऱ्यांच्या पायथ्याशी सावलीतल्या चार खाटा, पंखे, ओआरएस आणि सोबत एक परिचारिका, एवढं याच चैत्रात व्हावं.