वहीत न दिसणारी बाकी

जपानी चित्रमालिकांना, म्हणजे तरुण पिढीच्या भाषेत ‘ॲनिमे’ला, आपल्या घरांतून अजूनही सरसकट ‘कार्टून’ म्हटले जाते. मुले ती पाहत बसली की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. अलीकडे मी अशा तीन मालिका लक्षपूर्वक पाहिल्या. तिन्हींचा काळ, देश आणि ढंग निराळा. परंतु तिन्हींच्या मुळाशी येणे-देणे आहे, आणि तेही पेढीवर वाढलेल्या माणसाला चटकन ओळखू यावे अशा रूपात.

पहिली मालिका ‘स्पाइस अँड वुल्फ’. इसुना हासेकुरा यांच्या 2006 पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या कादंबऱ्यांवर ती आधारलेली असून 2008 साली प्रथम आली आणि 2024 मध्ये नव्याने चितारली गेली. मध्ययुगीन युरोपसारख्या एका कल्पित प्रदेशात लॉरेन्स नावाचा फिरता व्यापारी गाडीत माल घालून गावोगाव हिंडतो. त्याच्यासोबत होलो नावाची लांडग्याच्या रूपातील देवता तरुणीच्या वेषात प्रवास करते. या मालिकेत तलवारींपेक्षा तराजू आणि नाणीच अधिक दिसतात. एका चांदीच्या नाण्यातील चांदी वाढणार अशी कुजबुज बाजारात सुरू होते. प्रत्यक्षात ती घटत असते, आणि या खोट्या वार्तेमागे एका मोठ्या पेढीचा डाव असतो. अफवेवर खरेदी करणाऱ्यांचे काय होते, हे आपल्या वाचकांना निराळे सांगायला नको.

मला अधिक विचारात पाडले ते पुढच्या प्रसंगाने. लॉरेन्स मिरी विकायला एका पेढीवर जातो. तेथे काटा मारण्याची युक्ती अशी, की तराजू ठीक, वजनेही ठीक. मात्र ज्या मेजावर तराजू ठेवला आहे ते मेजच किंचित कललेले. होलो ती लबाडी उघड करते. आता लॉरेन्सपुढे दोन मार्ग असतात. आपल्या मिऱ्यांचे योग्य मोल घेऊन निघावे, किंवा समोरच्याची मान हाती सापडली आहे तर ती पिळावी. तो दुसरा मार्ग धरतो. पेढीवाल्याच्या भीतीचा फायदा घेऊन तो ऐपतीबाहेरची चिलखते उधारीवर उचलतो. पुढच्या शहरी पोचतो तो उत्तरेकडची मोहीम रद्द झालेली असते आणि चिलखतांचे भाव कोसळलेले असतात. देणे फेडण्यासाठी त्याला अखेर सोन्याच्या चोरट्या वाहतुकीत पडावे लागते.

तत्त्वार्थसूत्र दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरांना मान्य आहे. त्यात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: चोरीला प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याचे नियम मोडून व्यवहार करणे, खोटी मापे वापरणे आणि अस्सलात नकली मिसळणे. जैन विचारांशी काही संबंध नसलेल्या एका जपानी लेखकाच्या कथेत कललेला तराजू, कस उतरलेले नाणे आणि चोरटे सोने एकापाठोपाठ एक यावे, याचे मला नवल वाटले. त्याहून महत्त्वाचे असे, की येथे पहिली लबाडी नायकाची नव्हतीच. दुसऱ्याची चोरी पकडणारा माणूस त्या चोरीचे भांडवल करतो, आणि तेथून त्याची घसरण सुरू होते. दुसऱ्याचा दोष हाती लागला म्हणून आपला हक्क वाढत नाही, हे गल्ल्यावर बसताना किती जणांच्या ध्यानात राहते?

दुसरी मालिका 2008 पासून टप्प्याटप्प्याने येत असलेली ‘नात्सुमे यूजिनचो’. मूळ चित्रकथा युकी मिदोरिकावा यांची. नावातील ‘चो’ म्हणजे वही; म्हणून ही झाली मित्रांची वही. नात्सुमे हा नातेवाइकांच्या घरोघरी वाढलेला अनाथ मुलगा. आजीच्या मागे त्याच्या हाती एक वही येते. आजीने पैजा जिंकून अनेक अदृश्य जीवांची नावे त्यात लिहून घेतलेली असतात, आणि ज्याच्या हाती वही, त्याची आज्ञा त्या जीवांना पाळावी लागते. म्हणजे घरबसल्या मिळालेली केवढी सत्ता! परंतु हा मुलगा ती वापरत नाही. तो एकेकाला शोधून त्याचे नाव परत करतो. प्रत्येक वेळी त्याची शक्ती क्षीण होते, वही पातळ होत जाते, आणि वही जसजशी रिकामी होते तसतशी त्याच्या आयुष्यात माणसे वाढत जातात.

वडिलोपार्जित वही उघडली की आपण प्रथम येणे पाहतो. पूर्वजांनी अडचणीतल्या माणसाकडून लिहून घेतलेला एखादा जाचक हक्कही वारशाने येतो, हे सहसा पाहत नाही. परिग्रहाचे परिमाण ठरवताना अशा वारशाचाही विचार व्हावा, हे मला या मुलाने शिकवले.

तिसरी मालिका ‘विनलँड सागा’ (2019 आणि 2023), माकोतो युकिमुरा यांच्या चित्रकथेवरून केलेली. अकराव्या शतकातील उत्तर युरोप. बापाला कपटाने मारणाऱ्याचा सूड घेण्यासाठी थॉरफिन नावाचा मुलगा त्याच मारेकऱ्याच्या टोळीत राहतो, वर्षानुवर्षे लढतो, असंख्य माणसे मारतो. शेवटी तो मारेकरी दुसऱ्याच कोणाच्या हातून मरतो. वसुली ज्याच्याकडून करायची तोच गेला आणि बालपण व्याजात गेले! दुसऱ्या भागात थॉरफिन डेन्मार्कमधील एका शेतावर गुलाम म्हणून राबतो. मारलेली माणसे त्याच्या स्वप्नात येतात, आणि तो हिंसेचा त्याग करतो. पुढे राजा क्नूट ते शेत बळकावायला येतो, तेव्हा राजाची भेट मिळावी म्हणून हा एकेकाळचा योद्धा हात न उचलता शंभर ठोसे सोसतो. त्या भेटीनंतर राजा सैन्यासह परत फिरतो.

बँकेत कर्ज निर्लेखित केले म्हणजे ते ताळेबंदातून जाते, पण कर्जदाराची जबाबदारी सुटत नाही. वसुलीची फाइल चालूच राहते. संवत्सरीच्या अथवा क्षमावाणीच्या दिवशी आपली क्षमा पुष्कळदा अशीच असते. हात जोडले, संदेश पाठवले, वरून खाते बंद. आत मात्र भावाने वाटणीत काय केले, व्याह्याने मांडवात काय म्हटले, याची फाइल जिवंत. थॉरफिनने जे केले ते निर्लेखन नव्हे. त्याने वसुलीचा हक्कच सोडला, आणि स्वतःकडून येणे असलेल्यांची यादी मात्र उघडी ठेवली.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. ‘विनलँड सागा’मधील रक्तपात भयंकर आहे, ती लहान मुलांसाठी नाही. ‘स्पाइस अँड वुल्फ’मध्ये मद्य आणि मांसाहार सर्रास दिसतो, ती मोठ्या मुलांसोबत बसून, बोलत बोलत पाहावी. ‘नात्सुमे’ मात्र कुटुंबासह पाहण्यासारखी आहे. एखाद्या सुट्टीच्या दिवशी नातवंडांना दटावण्याऐवजी त्यांच्याशेजारी बसावे आणि एवढेच विचारावे, “यात कोणाचे कोणाकडे देणे आहे, आणि ते पैशाने फिटेल का?” वहीपूजनाला नव्या वहीवर ‘शुभ-लाभ’ लिहिण्यापूर्वी हाच प्रश्न जुन्या वहीलाही विचारता येईल. अनुचित नफा, जाचक हक्क आणि जपलेला राग यांच्या बाक्या कोणताही लेखापरीक्षक दाखवून देणार नाही. त्या आपल्या आपणच काढायच्या आणि हयातीत मिटवायच्या असतात.