कापलेल्या कडेचा हिशोब

सिगारेटच्या पाकिटात फुकट मिळणारं एक कार्ड २००७ साली २८ लाख डॉलरला विकलं गेलं. अमेरिकन टोबॅको कंपनीनं १९०९ ते १९११ दरम्यान बेसबॉलपटूंची चित्रं छापली, त्यातलं होनस वॅग्नरचं हे कार्ड. ग्रेडिंग कंपनीनं १९९१ मध्ये त्याला दहापैकी आठचा दर्जा देऊन डबीत सीलबंद केलं. पुढे २०१३ मध्ये लिलाववाला बिल मास्त्रो यानं न्यायालयात कबूल केलं की, कार्डाच्या बाजूच्या कडा त्यानंच कापल्या होत्या. तज्ज्ञांच्या शिक्क्यानं जे झाकलं गेलं, ते कबुलीनं उघडं पडलं.

प्रत्येक वेळी कबुली कुठून आणायची? म्हणून मला संख्याशास्त्राचा मार्ग पटतो. फक्त तो सरळ नाही.

कारखान्यातलं पातं कधीच अगदी सारखं कापत नसे. त्यामुळे एखादं कार्ड थोडं अरुंद निघालं, एवढ्यावरून ते कापलेलं ठरत नाही. उलट मुळात रुंद असलेलं कार्ड कापूनही नेहमीच्या मापात बसतं. एकट्या कार्डाबद्दल मोजपट्टी फार कमी बोलते. ढिगाबद्दल मात्र बरंच सांगते. झिजलेल्या, स्वस्त कार्डांच्या कडा कापायला कोणी बसत नाही. पैसा टोकदार कोपऱ्यांत असतो. तेव्हा वरच्या दर्जाची कार्डं खालच्या दर्जाच्या कार्डांपेक्षा सरासरीनं अरुंद निघाली, तर कात्रीचा संशय घ्यायला जागा आहे.

पण इथंच घाई नडते. समजा, विसात एक कार्ड मुळातच अरुंद असतं. एका विक्रेत्याकडं अशी पाच सापडली, की लोक विसाला विसानं पाच वेळा गुणून ‘बत्तीस लाखांत एक’ म्हणतात आणि त्याला चोर ठरवतात. अहो, ती पाचही एकाच गठ्ठ्यातली, एकाच पात्याखालून गेलेली असतील तर? मग हा गुणाकारच खोटा. आकडा संशय दाखवतो, शिक्षा देत नाही. त्यानंतर भिंगाखाली कडेचे तंतू पाहावेच लागतात.

माझा राग ग्रेडिंगच्या पद्धतीवर आहे. ज्याचं कार्ड, तोच फी भरतो. आणि डबीवर दर्जा ठळक छापतात. मग शंभरांश मिलिमीटरपर्यंतचं मापही तिथंच का छापू नये? डबी फोडल्याशिवाय गिऱ्हाइकाला ते नीट घेता येत नाही.