आधी निदान, मग नवा भाग

रोग ओळखल्यावाचून औषध देणाऱ्या वैद्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. संगणकाच्या दुरुस्तीत मात्र हीच रीत सर्रास चालते. यंत्र सुरू झाले नाही की 'मदरबोर्ड गेला' असा निर्णय होतो आणि कित्येकदा संबंध यंत्रच टाकून दिले जाते. या घाईची किंमत केवळ यंत्राचा मालकच भरतो असे नाही.

ती किंमत कोण भरतो, हे दिल्लीत स्पष्ट दिसते. शहराच्या दक्षिण भागातील नेहरू प्लेस ही संगणक व त्यांचे सुटे भाग यांची देशातील एक प्रमुख बाजारपेठ होय. मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न घेऊन तेथे बसलेले कुशल कारागीर बिघडलेली यंत्रे पुन्हा चालती करतात. ईशान्य भागातील सीलमपूर येथे, याउलट, टाकाऊ यंत्रे फोडली जातात. तांब्यासाठी तारांवरील प्लॅस्टिक उघड्यावर जाळणे, बोर्डांवरील धातूंसाठी आम्ल वापरणे, अशा रीती तेथे दीर्घकाळ चालत आल्या आहेत. त्यांतून निघणारा विषारी धूर आणि जुन्या सोल्डरमधील शिसे यांचा उपद्रव प्रथम तेथील मजुरांना होतो. एखादे यंत्र या दोहोंपैकी कोणत्या वाटेने जाईल, हे पुष्कळदा निदानावर ठरते.

हे निदान म्हणजे काही गूढ विद्या नव्हे. प्रयोगशाळेतील नियमच येथे लागू पडतो: एका वेळी एकच गोष्ट बदलावी व परिणाम पाहावा. प्रथम वीजपुरवठा तोडावा आणि अंगावरील स्थिर विद्युत् धातूच्या चौकटीला स्पर्श करून घालवावी. अनावश्यक जोडण्या काढून यंत्र कमीत कमी भागांवर चालवून पाहावे. रॅमच्या दोन पट्ट्या असल्यास एकेक लावून पाहावी. कित्येकदा पट्टी नीट बसलेली नसणे एवढाच दोष असतो. घड्याळ वारंवार मागे पडत असेल, तर ३ व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असण्याचा संभव मोठा. पॉवर सप्लायकडून १२ व्होल्टच्या जागी ११.४ पेक्षा कमी दाब मिळत असेल, तर निरपराध मदरबोर्डाला दोष देणे व्यर्थ होय. मात्र पॉवर सप्लायची पेटी नवशिक्याने कधीही उघडू नये. तिच्यातील कपॅसिटर वीज तोडल्यानंतरही काही काळ भारित राहतात.

स्थानिक हवामानाचाही विचार केला पाहिजे. दिल्लीच्या उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. त्यात धुळीने पंखा व उष्णता वाहून नेणारे धातूचे पडदे तुंबले की प्रोसेसर तापतो, आपली गती कमी करतो, किंवा यंत्र आपोआप बंद पडते. हवेतील गंधकयुक्त वायू व दमटपणा यांमुळे तांबे आणि चांदी यांवर सल्फाइडचा थर चढतो व सूक्ष्म वाहक मार्ग खराब होतात. पहिल्या दोषावर ब्रश आणि नवी थर्मल पेस्ट पुरते. दुसऱ्यास अनुभवी हात लागतो. दोहोंना एकच नाव देऊन चालणार नाही.

दुरुस्तीपेक्षा नवे यंत्र स्वस्त पडते, असा आक्षेप घेतला जातो. काही प्रसंगी तो खराही आहे. शिवाय अनेक नव्या लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डालाच डकवलेली असते. परंतु हा निसर्गनियम नव्हे. ती रचना करणाऱ्याची निवड आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. हे योग्यच झाले; तथापि मंडलांचे आराखडे व सुटे भाग स्वतंत्र कारागिराच्या हाती पडल्यावाचून दुरुस्तीचा हक्क कागदावरच राहील.

शाळांनीही आपला वाटा उचलावा. निकामी झालेला एक संगणक शिक्षकांच्या देखरेखीखाली उघडून विद्यार्थ्यांना दोष शोधू द्यावा. तर्क, मापन व पडताळा यांचा असा धडा थोड्या खर्चात क्वचितच मिळेल. त्यातून प्रत्येक विद्यार्थी कारागीर होणार नाही. पण 'गेले' असे कोणी म्हणताच 'काय गेले, आणि कशावरून?' असे विचारण्याची सवय त्याला खचित लागेल.