दातृत्व आहे, एकसूत्रता हवी

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांत दातृत्वाची वानवा आहे, असे कोणासही म्हणता येणार नाही. जून महिना उजाडला, की शाळाशाळांतून वह्यावाटपाचे समारंभ सुरू होतात. दरबार, गुरुद्वारे आणि मंदिरे यांतून अन्नदान चालते. गणेशोत्सव मंडळे रक्तदानाची शिबिरे भरवितात. महिला मंडळे शिवणयंत्रे देतात. हे सारे स्तुत्य आहे. परंतु एकाच शाळेत एका पंधरवड्यात तीन मंडळांचे वह्यांचे गठ्ठे येऊन पडावेत, आणि त्याच शाळेत ज्या मुलास फळ्यावरील अक्षर दिसत नाही त्याच्या चष्म्याची तजवीज एकाही मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत नसावी, याला काय म्हणावे? एक ना धड भाराभर चिंध्या, ही म्हण येथे कठोर वाटेल. पण ती अन्यायाची आहे, असे आम्हांस वाटत नाही.

प्रश्न लहान नाही. 2011 च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांवर, अंबरनाथची अडीच लाखांवर आणि बदलापूरची पावणेदोन लाखांच्या घरात होती. त्यानंतर मुंबईतील घरांच्या किमतींनी मागे रेटलेली किती तरी कुटुंबे याच मार्गावर येऊन स्थिरावली आहेत. कारभार तीन पालिकांचा असला, तरी गरिबाला या सीमा ठाऊक नाहीत. तो बदलापुरात राहतो, अंबरनाथच्या कारखान्यात राबतो आणि दुखणे काढावयास उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयाची वाट धरतो. संस्था मात्र आपापल्या गावापुरत्या, पुष्कळदा आपापल्या गल्लीपुरत्या आहेत.

वास्तविक परस्परसाहाय्याचा धडा या भूमीला नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी निर्वासित आले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसविली गेली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. बराकींत राहणाऱ्या या लोकांनी सरकारी शिधा घेतला, पण केवळ त्याच्यावर विसंबून ते बसले नाहीत. त्यांच्या पंचायती उभ्या राहिल्या, शाळा निघाल्या. सिंधमध्ये महाविद्यालय चालविलेल्या मंडळींच्या संस्थेने 1965 साली येथे चांदीबाई महाविद्यालय काढले. सर्वस्व गमावलेल्या समाजाने केवळ भाकरीचा नव्हे, तर पुढच्या पिढीच्या विद्येचाही एकत्र विचार केला, हे विसरता कामा नये.

आजची गरिबी त्या काळच्या गरिबीहून निराळी आहे. ती एका दिवसात कोसळत नाही. हळूहळू घरात शिरते. एके काळी अंबरनाथची ओळख असलेला विमकोचा काडेपेट्यांचा कारखाना बंद पडला. वालधुनी नदीच्या प्रदूषणापायी उल्हासनगरातील जीन्स धुलाईचे कारखाने बंद करावे लागले. नदीच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. परंतु त्या हौदांपाशी राबणाऱ्या हातांचे पुढे काय, हा प्रश्न त्या निर्णयाने सुटला नाही. 2021 च्या मे महिन्यात याच शहरात इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. जी वाचली, त्यांना एकाच वेळी छप्पर, औषध, कागदपत्रे आणि मुलांच्या शाळेची सोय हवी होती. दारिद्र्य असे चार तोंडांनी येते. त्याला एका हाताने दिलेली एक वस्तू पुरी पडत नाही. आणि चार हातांनी तीच वस्तू चारदा दिल्यानेही ते हटत नाही.

मुंबईच्या गिरणगावात हे सत्य शतकापूर्वीच ओळखले गेले होते. शाळामास्तर म्हणून आयुष्याचा आरंभ केलेल्या नारायण मल्हार जोशी यांनी 1911 साली सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. या संस्थेने कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालये आणि दवाखाने चालविले. दान देण्यापूर्वी माणसाची स्थिती जाणून घ्यावी, आणि त्याच्या गरजांचा तुकड्यातुकड्यांनी नव्हे, तर एकत्र विचार करावा, हा या कार्यामागील बोध आम्ही घ्यावयास हवा.

म्हणून तिन्ही शहरांतील संस्थांपुढे आम्ही काही साध्या सूचना ठेवीत आहो. पहिली, संस्थांच्या प्रतिनिधींनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे आणि कोण काय देतो, याची एक यादी सिद्ध करावी. दारी आलेल्या माणसास ‘आमच्याकडे नाही’ असे सांगून परत पाठविण्याऐवजी ‘अमुक संस्थेकडे जा, आम्ही चिठ्ठी देतो’ असे सांगता आले, तरी निम्मी पायपीट वाचेल. दुसरी, शाळांतील शिक्षकांस या कामात मानाने सामील करून घ्यावे. घरची चूल थंडावल्याची पहिली वर्दी मुलाच्या चेहऱ्यावरून त्यांनाच मिळते. तिसरी, कायद्याने दिलेले हक्क गरिबांच्या पदरात पाडून देण्याचे काम संस्थांनी वाटून घ्यावे. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने ठेवाव्यात, अशी मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केलेली योजना आहे. पण उत्पन्नाचा दाखला घेऊन ठाण्यामुंबईच्या रुग्णालयाची पायरी चढावयास गांगरणाऱ्या रोग्याला सोबतीस एक जाणता माणूस हवा असतो. त्याच्या एका दिवसाच्या श्रमाने जे साधेल, ते हजार वह्यांनी साधणार नाही.

यावर आक्षेप येतील. प्रत्येक संस्थेची श्रद्धा वेगळी, देणगीदार वेगळे, असे म्हटले जाईल. ते खरे आहे. आणि कोणी आपली पाटी उतरवावी, असे आमचे म्हणणेही नाही. कामाची वाटणी झाली म्हणजे संस्था विलीन होत नाहीत. गरिबांची नावे चारचौघांत जातील, ही भीती मात्र आम्ही हलकी मानीत नाही. संमतीवाचून कोणाचे नाव दुसऱ्या संस्थेस कळवू नये, आणि मदत घेणाऱ्याचे छायाचित्र तर मुळीच छापू नये. उजव्या हाताचे दान डाव्या हातास कळू नये, ही दात्याच्या नम्रतेची शिकवण आहे. संस्थांनी परस्परांविषयीच्या अज्ञानासाठी तिचा आधार घेऊ नये.

संस्था एकत्र आल्या, की सरकार आणि पालिका आपले अंग काढून घेतील, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. आमचे मत याच्या नेमके उलट आहे. एकटीदुकटी संस्था पालिकेच्या दारात अर्जदार ठरते. वीस संस्था एक यादी घेऊन उभ्या राहिल्या, तर ती यादी जबाबदारीची मागणी ठरते. नळ, निवारा, दवाखाना आणि शाळा ही सत्तेचीच कर्तव्ये आहेत. दान त्यांची जागा घेऊ शकत नाही, पण त्यांची आठवण निश्चित देऊ शकते.

27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. एक हजारावर प्रवासी पाण्याच्या वेढ्यात होते. आपत्ती दलाच्या जवानांनी नौका आणल्या, नौदल आणि वायुदल धावून आले, स्थानिक लोकही मदतीस उतरले, आणि सारे प्रवासी सुखरूप बाहेर आले. त्या दिवशी ज्याला जे काम येत होते, ते त्याने उचलले. दारिद्र्याचा पूर असा एका रात्रीत चढत नाही, म्हणून त्याचा गलबला होत नाही. पण त्यात सापडलेल्यांची संख्या हजारांत मावणारी नाही. या तीन शहरांतील संस्थांना परस्परांचे दार ठोठावण्यास नव्या आपत्तीची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या महिन्यात त्यांनी एका सतरंजीवर बसावे आणि हारतुऱ्यांचा खर्च वगळून त्या चष्म्यापासून आरंभ करावा, एवढीच आमची आग्रहाची विनंती आहे.