शिक्का वस्तूवर, जोडणीचे काय?

मोटार आयएसआय मार्काची, स्टार्टर मार्काचा, केबलही मार्काची. पावत्या जपून ठेवल्या, म्हणजे विहिरीवरचे काम पक्के झाले, असे आपण धरून चालतो. पण शिक्का त्या त्या वस्तूची हमी देतो. त्या एकमेकींना कशा जोडल्या, याची हमी तो देत नाही.

५ एचपीची थ्री फेज मोटार साधारण साडेसात अँपिअर करंट घेते. ओव्हरलोड रिले मोटारीच्या पाटीवरील आकड्याला जुळवलेला हवा. सारखा ट्रिप होतो म्हणून कुणी तो १२ वर फिरवतो. मग स्टार्टरही चांगला, मोटारही चांगली, तरी वाइंडिंग जळते. पेटीच्या अर्थिंगची तार बल्बाला न्यूट्रल म्हणून जोडली, तर अर्थिंग तुटताच पेटीच्या पत्र्यात वीज उतरते. मग ओल्या हाताने पेटी उघडणाऱ्याला कोणता मार्क वाचवणार?

ऑटो स्विचचेही तेच. ६३ केव्हीएची डीपी सुमारे ८४ अँपिअर पेलते. तिच्यावर ५ एचपीच्या दहा मोटारी चालत्या स्थितीत ७५ अँपिअर घेतात, चालून जाते. पण थेट सुरू होताना मोटार पाच-सहा पट करंट ओढते. लाइट आली की दहाही मोटारी एकदम उठतात आणि डीपीवर चारशेच्या पुढे ताण जातो. डीपी जळाली की ऐन हंगामात पीक सगळ्यांचेच वाळते.

सौर पंपाला हा विचार लागू झाला आहे. केंद्राच्या निकषांत पॅनेल, कंट्रोलर आणि पंप यांची एकत्र चाचणी आहे. विहिरीवरच्या मोटारीला तीच शिस्त का नको?

नव्या जोडणीसाठी परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. ठेकेदाराला बांधावर बोलवा. इन्सुलेशन किमान एक मेगओहम भरते का, अर्थिंग शाबूत आहे का, रिले किती अँपिअरवर आहे, हे समोर मोजून घ्या आणि मगच सही घ्या. घरबसल्या झालेली सही म्हणजे नुसता कागद. ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पावसाळ्याआधी महावितरणच्या माणसासह डीपीनिहाय पाहणी लावावी. खर्च थोडा आहे. गेलेला माणूस मात्र कोणत्याही भरपाईने परत येत नाही.